1910 च्या नकाशात व्हिक्टोरिया लाइन कशी आली? भुयारी रेल्वेचा इतिहास नकाशावर मांडताना

निपाणीच्या कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. लंडनची भुयारी रेल्वे 1863 पासून आजपर्यंत कशी वाढत गेली, ते त्यांना वर्गात पडद्यावर वर्षागणिक दाखवायचं आहे. त्यांनी सगळ्या स्टेशनांची यादी केली, प्रत्येकापुढं सुरू झाल्याचं वर्ष लिहिलं आणि क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या लाइनी ओढल्या. ज्या वर्षी दोन्ही टोकांची स्टेशनं झालेली असतील, त्या वर्षापासून मधली रेघ दिसावी असं लावलं. पण वर्षाचा काटा 1910 वर आणला की व्हिक्टोरिया लाइन दिसते, आणि ती तर 1968 ची आहे. चूक यादीत आहे की सॉफ्टवेअरमध्ये?

ताई, चूक दोन्हीकडं नाही. तुमची यादी मी एकेक करून बघितली. किंग्ज क्रॉस 1863, युस्टन 1907, वॉरेन स्ट्रीट 1907, ऑक्सफर्ड सर्कस 1900, ग्रीन पार्क 1906, व्हिक्टोरिया 1868. सगळी वर्षं बरोबर आहेत. 1907 साली ही सहाही स्टेशनं जमिनीखाली होती, फक्त ती वेगवेगळ्या कंपन्यांच्या वेगवेगळ्या वाटांवर होती. या सहांना ओळीनं जोडणारा बोगदा पुढं साठ वर्षांनी झाला. किंग्ज क्रॉस ते वॉरेन स्ट्रीट 1 डिसेंबर 1968 ला आणि वॉरेन स्ट्रीट ते व्हिक्टोरिया 7 मार्च 1969 ला. तुम्ही स्टेशनांचं वय रुळांना चिकटवलंत, घोळ तिथं झाला.

आपल्याकडचंच बघा. बेळगावचं स्टेशन ब्रिटिशांच्या वेळचं, धारवाडचंही. म्हणून कित्तूरवरून जाणारी सरळ लाइन ब्रिटिशांच्या वेळची होते का? आजही गाडी लोंढ्यावरून वळसा घालूनच धारवाडला जाते. दोन्ही टोकं जुनी असली म्हणून मधली वाट जुनी ठरत नाही.

मी तीसेक वर्षं सर्व्हे आणि ड्रॉइंगच्या कामात आहे. सुरुवात ट्रेसिंग पेपर आणि शाईच्या पेनांवर झाली, नंतर कॉम्प्युटर आला. यातली बरीच वर्षं जमिनीखालच्या पाइपलाइनींचे नकाशे करण्यात गेली. तेही न दिसणारं जाळं, शंभर वर्षांत तुकड्या-तुकड्यानं वाढलेलं, मधे बंद पडलेलं, नावं बदललेलं. भुयारी रेल्वेचा इतिहास मी हौसेनं मांडतो, पण पद्धत पाइपांकडून शिकलोय. म्हणून जरा लांबून सांगतो.

शेताचा उतारा हातात घेतला की आज नाव कुणाचं आहे ते कळतं. ते नाव तिथं कसं आलं हे बघायचं असेल तर फेरफार काढावे लागतात. कोणत्या तारखेला काय बदललं, वारसानं की खरेदीनं की वाटणीनं, आणि त्याला कागद कोणता. तुमच्याकडं आज लंडनचा उतारा आहे, आणि तुम्ही त्यातून जुनी वर्षं वजा करत मागं जायला बघताय. तसं मागं जाता येत नाही, कारण मधे बंद झालेल्या गोष्टी आजच्या उताऱ्यावर नसतातच. तुम्हाला फेरफारांची वही आधी करावी लागेल. नकाशा त्या वहीतून आपोआप निघतो. कामाचा मोठा भाग वहीचा आहे, रेघा ओढणं त्या मानानं थोडं.

वही सुरू करण्याआधी एक गोष्ट तुम्हालाच ठरवावी लागेल, ती मी इथून सांगू शकत नाही. ‘भुयारी रेल्वे’ म्हणजे तुमच्या नकाशात काय? लंडन अंडरग्राउंडचे अर्ध्याहून जास्त रूळ जमिनीच्या वर आहेत. मग जमिनीखालचाच रूळ दाखवणार, की अंडरग्राउंड म्हणून चालवलं गेलेलं सगळं? टेम्सखालचा ब्रुनेलचा बोगदा घ्या. तो 1843 मध्ये पायी चालणाऱ्यांसाठी उघडला, 1869 मध्ये त्यातून रेल्वे जायला लागली, पुढं कित्येक वर्षं ती अंडरग्राउंडची ईस्ट लंडन लाइन होती. 2007 च्या शेवटी ती बंद केली आणि 2010 मध्ये ओव्हरग्राउंड नावाच्या दुसऱ्या जाळ्यात सुरू केली. बोगदा तोच, नदी तीच. तुमच्या नकाशात तो 2010 नंतर दिसणार का? वॉटर्लू अँड सिटी लाइनचं उलटं आहे. ती 1898 पासून जमिनीखालून धावतेय, पण अंडरग्राउंडच्या ताब्यात आली 1994 मध्ये. आणि 2022 साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन शहराच्या मध्यात खोल बोगद्यातून जाते, तरी अंडरग्राउंडमध्ये धरत नाहीत. भूगोलाच्या वर्गाला शहराखालची पोकळी दाखवायची असेल तर उत्तर एक, प्रवाशाच्या हातातला नकाशा कसा बदलला ते दाखवायचं असेल तर उत्तर दुसरं. दोन्ही बरोबर आहेत, फक्त मधेच बदलू नका. जे ठरेल ते एका वाक्यात नकाशाच्या कोपऱ्यात लिहा.

आता वहीकडं. माझ्या पद्धतीत चार टेबलं असतात: रुळांचे तुकडे, स्टेशनं, नावं आणि सेवा (म्हणजे त्या रुळांवर कुणाची गाडी धावते). प्रत्येक ओळीत ‘पासून’, ‘पर्यंत’ आणि ‘आधार’ हे तीन रकाने असतात.

रुळांचा तुकडा म्हणजे ज्याचा जन्म एकाच तारखेचा आहे एवढी लांबी. सर्व्हे नंबरचे पोटहिस्से पडतात तशी लाइन फोडायची. जिथं तारीख बदलते तिथंच फोडायची, प्रत्येक स्टेशनला नाही. व्हिक्टोरिया लाइनचे असे चारच तुकडे होतात. वॉल्थमस्टो सेंट्रल ते हायबरी 1 सप्टेंबर 1968, हायबरी ते वॉरेन स्ट्रीट 1 डिसेंबर 1968, तिथून व्हिक्टोरियापर्यंत 7 मार्च 1969, आणि व्हिक्टोरिया ते ब्रिक्स्टन 23 जुलै 1971. यातला शेवटचा तुकडा लक्ष देऊन बघा. त्याच्यावरचं पिम्लिको स्टेशन 14 सप्टेंबर 1972 ला उघडलं. म्हणजे वर्षाहून जास्त काळ गाड्या त्या जागेवरून न थांबता जात होत्या. तुमच्या रीतीनं केलं तर 1971 च्या नकाशात व्हिक्टोरियाच्या पुढं भोक पडलं असतं. ब्रिटिश म्युझियम स्टेशन 1933 मध्ये बंद झालं, शेजारचं होबर्न त्याच्या जागी आलं, पण रूळ तिथून आजही जातात. रूळ आणि स्टेशन यांची जन्मतारीख वेगळी आणि शेवटही वेगळा, म्हणून टेबलं वेगळी.

स्टेशनांच्या टेबलात आणखी एक बारकावा आहे. ग्रीन पार्क 1906 चं, असं आपण म्हणतो. पण 1906 मध्ये तिथं फक्त पिकॅडिली लाइनची गाडी यायची. व्हिक्टोरिया लाइनचे प्लॅटफॉर्म 1969 चे, ज्युबिलीचे 1979 चे. एका स्टेशनाला एक वर्ष देऊन भागत नाही. स्टेशन आणि लाइन या जोडीला वर्ष द्यावं लागतं. मोठ्या जंक्शनांच्या तीन-तीन, चार-चार ओळी होतील, होऊ देत.

सेवेचं टेबल वेगळं का, हे लोंढा-मिरज लाइनवरून पटकन कळेल. टिळकवाडीच्या रेल्वे गेटापाशी थांबलेल्या माणसाला समोरून जाणारे रूळ एकाच जागी दिसत आलेत. पण ते सदर्न मराठा रेल्वेनं टाकले, 1908 मध्ये मद्रास अँड सदर्न मराठा झाली, 1951 मध्ये सदर्न रेल्वे, 1966 मध्ये साउथ सेंट्रल, आणि 2003 पासून साउथ वेस्टर्न. मधे नव्वदच्या दशकात मीटरगेजचं ब्रॉडगेज झालं. मालक बदलला म्हणून वाट नवी झाली नाही. म्हणून वाटेची रेघ एकदाच काढायची आणि तिच्या अंगावरचे बदल तारखांनी लिहायचे. प्रत्येक मालकासाठी नवी रेघ ओढलीत तर एकावर एक पाच रेघा पडतील, आणि लांबी मोजायला गेलात की लाइन पाचपट होईल.

लंडनमध्ये याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण म्हणजे वेम्बली पार्क ते स्टॅनमोर हा फाटा. माझ्या वहीतली त्याची पानं सांगतो. रुळांच्या टेबलात एकच ओळ: तुकडा, पासून 10 डिसेंबर 1932, पर्यंत रिकामं. सेवेच्या टेबलात तीन ओळी: मेट्रोपॉलिटन, 1932 पासून 19 नोव्हेंबर 1939 पर्यंत. बेकरलू, 20 नोव्हेंबर 1939 पासून 30 एप्रिल 1979 पर्यंत. ज्युबिली, 1 मे 1979 पासून पुढं. पडद्यावर तोच फाटा आधी वांगी रंगाचा, मग तपकिरी, मग करडा होतो. जागा तसूभर हलत नाही. विद्यार्थ्यांना हे एवढं जरी दाखवलंत तरी तास सार्थकी लागेल.

नावांचं टेबल लोक टाळतात आणि नंतर पस्तावतात. 1910 च्या कागदात ‘चेअरिंग क्रॉस’ वाचलं की आपण आजच्या चेअरिंग क्रॉसवर बोट ठेवतो. पण नदीकाठचं डिस्ट्रिक्ट रेल्वेचं स्टेशन 1870 मध्ये चेअरिंग क्रॉस याच नावानं उघडलं होतं. तेच आज एम्बँकमेंट आहे. त्याच्या उत्तरेला 1907 मध्ये हॅम्पस्टेडकडून येणाऱ्या ट्यूबचं, म्हणजे खोल बोगद्यातल्या रेल्वेचं, शेवटचं स्टेशन झालं, तेही चेअरिंग क्रॉस. 1915 मध्ये त्याला स्ट्रँड नाव दिलं. पण पिकॅडिलीच्या एका फाट्यावर स्ट्रँड नावाचं स्टेशन आधीच होतं, म्हणून त्याचं ऑल्डविच केलं. पुढं 1974 मध्ये नदीकाठचं स्टेशन चेअरिंग क्रॉस एम्बँकमेंट झालं, 1976 मध्ये नुसतं एम्बँकमेंट. 1979 मध्ये स्ट्रँड आणि ट्रफल्गार स्क्वेअर एकत्र करून आजचं चेअरिंग क्रॉस झालं. नावावरून टेबलं जोडली तर यात हमखास गफलत होते.

उपाय आपल्या रेल्वेत रोज वापरात आहे. 1 नोव्हेंबर 2014 ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, तरी स्टेशनचा कोड बीजीएमच राहिला. तसा प्रत्येक स्टेशनाला तुमचा एक कोड द्या, ज्याचा नावाशी संबंध नाही. साधा आकडा चालेल. सगळी टेबलं त्या कोडानं जोडा आणि नावं ‘पासून-पर्यंत’ लावून बाजूला ठेवा.

इथवरचं एकदा उजळून घेतो: रूळ एका टेबलात, स्टेशन-लाइन जोड्या दुसऱ्यात, नावं तिसऱ्यात, सेवा चौथ्यात. नकाशा बघताना ही चारही एका तारखेला गाळून एकत्र येतात. 1910 ला व्हिक्टोरिया लाइन मग आपोआप नाहीशी होईल, कारण त्या रुळांच्या ओळीत 1968 आणि 1969 लिहिलेलं असेल.

आता तारीख कोणती धरायची? इथं मी स्वतः पोळलोय. सीमाभागातल्या एका गावाच्या नळयोजनेचा इतिहास मांडताना मी टाकीवरच्या कोनशिलेचं वर्ष घेतलं. दगडात कोरलेली तारीख, संशय घ्यायचं कारणच वाटलं नाही. नकाशा दाखवायला गेलो तर एक म्हातारी आजी म्हणाल्या, “त्या वर्षी दगड बसला बाळा, पाणी माझ्या धाकट्याच्या बारशाला आलं.” मधे तीन वर्षं गेली होती. तेव्हापासून मी उद्घाटनाची आणि वापराची तारीख वेगळ्या रकान्यात लिहितो.

रेल्वेतही तेच. मेट्रोपॉलिटन रेल्वेचा समारंभ 9 जानेवारी 1863 ला झाला, लोकांसाठी गाडी 10 जानेवारीला सुटली, पॅडिंग्टन ते फॅरिंग्डन, सहाएक किलोमीटर. इथं फरक एका दिवसाचा. पण खोल बोगद्यातली पहिली विजेची रेल्वे, सिटी अँड साउथ लंडन, हिचं उद्घाटन 4 नोव्हेंबर 1890 ला झालं आणि प्रवासी 18 डिसेंबरला बसले. कोलकात्यात हुगळीखालून जाणाऱ्या मेट्रोचं उद्घाटन 6 मार्च 2024 ला, प्रवाशांसाठी 15 मार्चला. मी नेहमी प्रवाशांची तारीख धरतो. तुम्ही दुसरी धरलीत तरी चालेल, पण सगळीकडं तीच.

बंद होण्याचंही असंच. ‘पर्यंत’ म्हणजे शेवटची प्रवासी गाडी धावली तो दिवस. ऑल्डविचचा फाटा आणि ईपिंग ते ओंगार हा तुकडा, दोन्ही 30 सप्टेंबर 1994 ला संपतात. तात्पुरतं बंद राहणं विसरू नका. ऑल्डविच दुसऱ्या महायुद्धात सप्टेंबर 1940 पासून बंद होतं, तिथं लोक बॉम्बपासून आसऱ्याला राहत. जुलै 1946 मध्ये ते पुन्हा सुरू झालं. अशा ठिकाणी एकच ओळ लांबवायची नाही. पहिली ओळ 1940 ला संपते, दुसरी 1946 ला सुरू होते.

छापील नकाशा हातात आला की तो पुरावा आहे असं वाटतं. लंडनच्या बाबतीत सांभाळा. 1930 च्या दशकाच्या शेवटी छापलेल्या ट्यूबच्या नकाशांत नॉर्दर्न लाइनचा बुशी हीथपर्यंतचा विस्तार ‘काम चालू’ म्हणून दाखवलेला आहे. युद्ध आलं, काम थांबलं आणि तिथं गाडी कधीच गेली नाही. छापील नकाशा काय ठरवलं होतं ते सांगतो, काय झालं ते वेळापत्रक आणि त्या दिवसांची वर्तमानपत्रं सांगतात. ब्रिटनमध्ये प्रवासी रेल्वे उघडण्याआधी बोर्ड ऑफ ट्रेडचा इन्स्पेक्टर तपासणी करून अहवाल देत असे, ते अहवाल तर सोन्यासारखे. ‘आधार’ रकान्यात तारीख कुठून घेतली ते प्रत्येक ओळीला लिहा. दोन ठिकाणी दोन तारखा मिळाल्या तर दोन्ही लिहा आणि कोणती वापरली त्यावर खूण करा.

जागेचा प्रश्न उरतो, म्हणजे रेघ नेमकी कुठून काढायची. हॅरी बेकनं आखलेला आणि 1933 मध्ये छापून आलेला जो प्रसिद्ध नकाशा आहे, तो गिरवू नका. त्यात रेघा आडव्या, उभ्या किंवा तिरक्या आहेत आणि अंतरांचं माप पाळलेलं नाही. लेस्टर स्क्वेअर ते कॉव्हेंट गार्डन हे खरं अंतर जेमतेम 260 मीटर आहे आणि चेशमच्या फाट्यावर दोन स्टेशनांमध्ये सहा किलोमीटरहून जास्त. प्रवाशाला तो नकाशा उत्तम, तुमच्या कामाला नाही. ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर आजच्या रुळांच्या रेघा बोगद्यांसकट मिळतात, त्यापासून सुरुवात करा. बंद पडलेल्या लाइनींसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशा खात्याचे जुने नकाशे जागेवर बसवून इंटरनेटवर मोकळे ठेवलेत. उघड्यावरची लाइन त्यात स्पष्ट दिसते.

जमिनीखालची लाइन मात्र कागदावर जशी असते तशी खाली असेलच असं नाही. शहापुरात आम्ही एकदा जुनी पाइप शोधत होतो. ड्रॉइंगवर सरळ रेघ. खणलं, काही नाही. मग निवृत्त झालेल्या एका वॉल्व्हमनना बोलावलं. त्यांनी चप्पल काढली, अनवाणी दोन-चार पावलं टाकली, हातातली पहार एका ठिकाणी टेकवली आणि म्हणाले, “इथं विहीर होती की. पाइप तिला वळसा घालून गेलीया.” विहीर बुजवून वर घर झालेलं, पण पाइप अजून वळूनच जात होती. तेव्हापासून मी विचारतो: खणणाऱ्यानं तेव्हा काय चुकवलं असेल?

लंडनला या प्रश्नाचं उत्तर बऱ्याचदा ‘रस्ता’ असं येतं. सुरुवातीच्या लाइनी रस्ता उघडून खंदक खणायचा, रूळ टाकायचे आणि वर छत घालून रस्ता पुन्हा करायचा अशा रीतीनं झाल्या, म्हणून त्या रस्त्याखालीच सापडतात. पुढच्या खोल ट्यूबही शक्यतो रस्त्याखालून नेल्या, कारण खासगी मिळकतीखालून गेलं की मालकाला पैसे मोजावे लागत. रस्ता अरुंद असला तर दोन बोगदे शेजारी न घेता एकावर एक घेतले. सेंट्रल लाइनवर सेंट पॉल्स, चान्सरी लेन आणि नॉटिंग हिल गेट इथले प्लॅटफॉर्म आजही असे वरखाली आहेत. नकाशावर तिथं दोन बोगद्यांची रेघ एकच पडेल, ती चूक समजू नका. आणि जिथं वाफेची इंजिनं धूर सोडायला उघड्यावर येत, तिथं जमिनीवर खूण राहते. बेजवॉटर भागातल्या लेन्स्टर गार्डन्समध्ये 23 आणि 24 नंबरची घरं नुसत्या भिंती आहेत. मागं रेल्वेचा उघडा चर आहे, तो झाकायला 1860 च्या दशकात दर्शनी भाग तेवढा बांधला. तुमच्या विद्यार्थ्यांना उपग्रहाच्या चित्रात हे शोधायला लावा, मुलं रमतील.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. एक्सेलमध्ये तारखा भरू नका. एक्सेलला 1 जानेवारी 1900 च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळत नाही, ती नुसती अक्षरं धरतो. तुमची पहिली सदतीस वर्षं तिथंच हरवतील. वर्ष-महिना-दिवस या क्रमानं 1863-01-10 असं लिहा आणि सीएसव्ही म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवा. नकाशाचा डेटा शेपफाइलमध्ये न ठेवता जिओपॅकेजमध्ये ठेवा. शेपफाइलमध्ये फील्डचं नाव दहा अक्षरांपलीकडं जात नाही आणि देवनागरीही कधी कधी बिघडते. क्यूजीआयएसमध्ये 3.14 पासून टेंपोरल कंट्रोलर आहे. लेयरच्या प्रॉपर्टीजमध्ये टेंपोरल उघडून सुरुवात आणि शेवट यांची वेगवेगळी फील्डं दाखवा. ‘पर्यंत’ रिकामं असलं तर ती गोष्ट अजून चालू आहे असं ते धरतं, म्हणून तिथं 9999 वगैरे भरायची गरज नाही.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही दर वर्षीची एकूण लांबीही काढणार म्हणताय. पाठीमागं वेबवरचा नकाशा घेतला की प्रोजेक्टचं प्रोजेक्शन (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणायची रीत) बहुतेक वेळा वेब मर्केटर होतं. लंडन 51.5 अंश उत्तरेला आहे. तिथं या प्रोजेक्शनवर सपाट मोजलेलं अंतर खऱ्याच्या सुमारे 1.6 पट येतं. आज अंडरग्राउंड सुमारे 402 किलोमीटर आहे. तुम्हाला 640 च्या आसपास आकडा आला तर रूळ जास्त ओढलेत असं समजून पुसत बसू नका, प्रोजेक्शन बघा. लंडनसाठी ब्रिटिश नॅशनल ग्रिड, 27700 हा नंबर, लावून मोजा.

शेवटी सल्ला विचाराल तर एकदम लंडनला हात घालू नका. आधी कोलकाता करा. पहिली लाइन छोटी आहे आणि लंडनमधल्या जवळजवळ सगळ्या अडचणी तीत एकेकदा येऊन जातात. 24 ऑक्टोबर 1984 ला एस्प्लनेड ते भवानीपूर हा 3.4 किलोमीटरचा तुकडा उघडला, भारतातली पहिली भुयारी मेट्रो. पुढच्याच महिन्यात, 12 नोव्हेंबरला, दूर उत्तरेला दमदम ते बेलगाछिया उघडला. दोन्ही तुकडे एकमेकांना जोडलेले नव्हते, म्हणून एकच सलग रेघ ओढून तिला 1984 लिहिता येत नाही. दक्षिणेकडं 1986 मध्ये टॉलीगंज आलं. उत्तरेचा तो सुटा तुकडा 1992 मध्ये बंद केला, 1994 मध्ये शामबाजारपर्यंत वाढवून पुन्हा सुरू केला, आणि 27 सप्टेंबर 1995 ला मधली फट भरून दमदम ते टॉलीगंज सलग झालं. पुढं भवानीपूरचं नाव नेताजी भवन झालं, टॉलीगंजचं महानायक उत्तमकुमार. जागाही सोपी, चौरंगी आणि चित्तरंजन अॅव्हेन्यू यांसारख्या रस्त्यांखालून बरीचशी लाइन खंदक खणून नेलेली आहे. दोन रविवारांत हे होईल. मोजताना यूटीएम या प्रोजेक्शनचा 45 उत्तर झोन घ्या. आपल्या बेळगावचा 43 आहे, तो सवयीनं लागतो.

मग लंडन घ्या, पण सगळी वर्षं एकदम नको. वर्गासाठी 1863, 1884, 1907, 1933, 1971, 1999 आणि 2021 एवढे थांबे पुरतील. 1884 मध्ये सर्कलचं वर्तुळ पूर्ण झालं, 1907 पर्यंत शहराच्या मध्यातल्या खोल ट्यूब झाल्या, 1933 मध्ये सगळ्या कंपन्या एका मंडळाखाली आल्या, 1971 ला व्हिक्टोरिया लाइन ब्रिक्स्टनला पोचली, 1999 ला ज्युबिलीचा पूर्वेकडचा विस्तार झाला, 2021 ला नॉर्दर्नचा बॅटरसीचा फाटा. या सात तारखांना वही बिनचूक करा, मधली वर्षं पुढच्या बॅचच्या मुलांना भरायला द्या.

झालं की काटा या ठिकाणी आणून बघा. 1910 ला व्हिक्टोरिया लाइन कुठंच दिसायला नको. 1950 ला स्टॅनमोरचा फाटा तपकिरी हवा. 1943 ला ऑल्डविचच्या जागी काही नको, 1947 ला तिथं पुन्हा रेघ हवी. 1972 च्या जुलैत व्हिक्टोरिया ते ब्रिक्स्टन रूळ सलग हवेत आणि पिम्लिकोचा ठिपका नको. यातलं एक जरी चुकलं तर त्या तुकड्याच्या ओळी आणि आधाराचा रकाना इथं टाका, मी बघून सांगतो.